तवंग आणि लहान लहरी: स्वच्छ पाण्यापासून मोजमापापर्यंत प्रयोगाचा क्रम

तेलाचा अतिशय पातळ तवंग पाण्यावरच्या लहान लहरी विझवतो, हे दाखवणारा प्रयोग गोव्यातल्या फोंडा आणि डिचोली परिसरातल्या शालेय विज्ञान प्रदर्शनांत मी अनेकदा पाहिला आहे, आणि तो जवळजवळ दर वेळी एकाच ठिकाणी फसतो. विद्यार्थी ट्रे भरतात, लहरी उठवतात, तेलाचा थेंब टाकतात आणि फरक दिसला नाही की आणखी तेल ओततात. वास्तविक चूक तेल टाकण्याच्या आधीच झालेली असते. पाण्याच्या पृष्ठभागावर बोटांचा, भांड्याचा, साबणाचा किंवा हवेतला तवंग आधीपासूनच पसरलेला असल्यामुळे नव्या तेलाला करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून या लेखात तेलापेक्षा स्वच्छतेवर अधिक मजकूर आहे, आणि टप्प्यांचा क्रम बदलू नये ही विनंती आहे.

आधी एवढे समजून घ्यावे

तेल जड किंवा चिकट असते म्हणून लहरी दबतात, ही समजूत सोडून द्यावी. येथे लागणारा तवंग सुमारे २ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे एका रेणूच्या उंचीइतका असतो आणि त्याचे वजन नगण्य असते. लहर पुढे सरकताना पाण्याचा पृष्ठभाग काही ठिकाणी आकसतो आणि काही ठिकाणी ताणला जातो. तवंग असेल तर आकसलेल्या जागी त्याचे रेणू दाटतात व पृष्ठताण (पृष्ठभागाला आकसून घेणारी ओढ) कमी होतो, तर ताणलेल्या जागी ते विरळ होऊन पृष्ठताण वाढतो. हा फरक पृष्ठभागाला आडव्या दिशेने मागे खेचत राहतो. त्यामुळे पृष्ठभागाखालच्या, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ थरात पाण्याचे थर एकमेकांवर घासतात आणि लहरीची ऊर्जा तेथे खर्ची पडते. थोडक्यात, लहर विझते ती पाण्याच्याच श्यानतेमुळे, म्हणजे थरांच्या या आपसातल्या घर्षणामुळे. तवंग केवळ त्या श्यानतेला काम मिळवून देतो.

यातून दोन गोष्टी निघतात. जो पदार्थ पाण्यावर पसरतच नाही, तो हे काम करू शकत नाही. लिक्विड पॅराफिनचा थेंब भिंगासारखा एका जागी तरंगत राहतो आणि लहरी त्याच्या बाजूने निघून जातात. दुसरे असे की परिणाम लहान लहरींवरच ठळक दिसतो. स्वच्छ पाण्यावर १.७ सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरींवर गुरुत्वापेक्षा पृष्ठताणाची सत्ता अधिक चालते. आपला प्रयोग त्याच टापूत, ४० हर्ट्झ वारंवारतेवर करायचा आहे. तेथे स्वच्छ पाण्यावरची तरंगलांबी सुमारे ६.९ मिलिमीटर असते.

टप्पा १: साहित्य

सुमारे ४० × ३० सेंटिमीटर आकाराचा आणि ५ सेंटिमीटर खोलीचा सपाट तळाचा काचेचा ट्रे घ्यावा. मत्स्यालये बनवणारे कारागीर काच कापून, सिलिकॉनने जोडून असा ट्रे करून देतात. सांधे ताजे असतील तर त्यातून सुटणारे सिलिकॉनचे तेल स्वतःच पाण्यावर पसरते. म्हणून ट्रे आठवडाभर वाळू द्यावा, नंतर दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवावा आणि ते पाणी दररोज बदलावे. घरातला बेकिंगचा काचेचा ट्रे चालेल. मात्र ज्यात कधी हुमण (माशांची आमटी) किंवा तळलेले नुस्ते (मासे) वाढले गेले आहे असा कोणताही ट्रे चालणार नाही, मग तो कितीही घासलेला असो. ट्रे ठेवण्यासाठी त्याहून मोठी परात लागेल, कारण पाणी काठावरून सांडणार आहे.

याशिवाय ट्रेच्या रुंदीपेक्षा लांब अशा स्टीलच्या तीन-चार पट्ट्या, चार इंच किंवा त्याहून मोठा स्पीकर, त्याला चालवणारा छोटा अँप्लिफायर, ठरावीक वारंवारतेचा आवाज देणारे मोबाइल अॅप, १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा लेझर पॉइंटर, सेकंदाला २४० चित्रे टिपणारा स्लो-मोशन कॅमेरा, १ मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरिंज, ड्रॉपर आणि सुगंध नसलेली शंखजिऱ्याची पूड एवढे जमवावे.

भुकटीबाबत बहुतेकांची चूक होते. अंगाला लावायच्या टाल्कममध्ये सुगंधी तेले असतात आणि तीच पाण्यावर तवंग धरतात. कॅरमची पावडर अनेकदा बोरिक आम्लाची असते व पाण्यात विरघळते, तर खडूची भुकटी भिजून बुडते. रांगोळीसाठी मिळणारे शुद्ध शंखजिरे किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतील लायकोपोडियम (एका वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड), हे दोनच पर्याय धरावेत.

पाणी नळाचे चालते. ओपा, अस्नोडा किंवा साळावलीच्या योजनेतून येणारे पाणी रात्रभर झाकून ठेवून वापरले तरी पुरेसे आहे. विहिरीच्या पाण्यात पानांचा व शेवाळाचा अंश असतो, आणि पागोळ्यांचे पावसाचे पाणी कौलांवरचे सर्व काही धुऊन आणते. ही दोन्ही टाळावीत.

टप्पा २: तवंगाचे द्रावण

स्वयंपाकघरातले तेल सुईच्या टोकाने लावूनही परिणाम दिसतो, पण मोजमाप करायचे असेल तर ओलेइक आम्ल (वनस्पती तेलांत आढळणारे मेदाम्ल) वापरावे. १ मिलिलिटर ओलेइक आम्ल अल्कोहोलमध्ये मिसळून एकूण २० मिलिलिटर द्रावण करावे. त्यातले १ मिलिलिटर घेऊन पुन्हा अल्कोहोल घालून २० मिलिलिटर करावे. आता प्रत्येक मिलिलिटरमध्ये आम्लाचा ४०० वा भाग आहे. ड्रॉपरमधून १ मिलिलिटरचे किती थेंब पडतात ते मोजून लिहून ठेवावे. ३० थेंब पडले असे धरल्यास एका थेंबात सुमारे ०.००००८ घनसेंटिमीटर आम्ल असते, आणि १२०० चौरस सेंटिमीटरच्या आपल्या ट्रेवर ते पसरले तर जाडी सुमारे ०.७ नॅनोमीटर भरते. म्हणजे तीन थेंबांत पृष्ठभागावर रेणूंचा एक पूर्ण थर बसतो.

तुलना म्हणून पाहावे: शुद्ध तेलाचा ०.०५ मिलिलिटरचा एक थेंब २ नॅनोमीटर जाडीने पसरला तर त्याला २५ चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे एखाद्या प्रशस्त बैठकीच्या खोलीची संपूर्ण जमीन. ट्रेमध्ये तेलाचा अख्खा थेंब टाकणे म्हणजे काय करणे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

*इशारा.* हात धुण्याचे सॅनिटायझर अल्कोहोल म्हणून वापरू नये; त्यात ग्लिसरीन आणि दाटपणा आणणारे पदार्थ असतात. काजूची फेणी चालेल का, असेही मला एकदा गंभीरपणे विचारण्यात आले होते. चालणार नाही: तिच्यात निम्म्याहून अधिक पाणी असल्याने ओलेइक आम्ल नीट विरघळत नाही, आणि तिचा वास ज्या पदार्थांमुळे येतो तेही पृष्ठभागावर जाऊन बसतात.

खोबरेल तेलच वापरायचे असल्यास ते २४-२५ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते हे लक्षात ठेवावे. गोव्यात एरवी ही अडचण येत नाही, परंतु जानेवारीतल्या पहाटे किंवा वातानुकूलित खोलीत सुईच्या टोकावर तेलाऐवजी कण येतात आणि ते पसरण्याऐवजी तरंगत राहतात.

टप्पा ३: भांडी धुणे

या टप्प्याला कंटाळू नये. ट्रे व पट्ट्या गरम पाण्याने आणि डिटर्जंटने धुवाव्यात, आणि त्यानंतर वाहत्या पाण्याखाली किमान आठ-दहा वेळा खंगाळाव्यात. तेलाचा तवंग पृष्ठभागावरून झाडून काढता येतो. डिटर्जंट पाण्यात विरघळलेला असतो, त्यामुळे पृष्ठभाग झाडला की तो खालून पुन्हा वर येऊन बसतो. कमी खंगाळलेला ट्रे न धुतलेल्या ट्रेपेक्षा अधिक त्रास देतो, असे मी अनुभवाने म्हणतो. धुतल्यानंतर आतल्या बाजूला बोट लावू नये. डोक्याला तेल लावलेल्या दिवशी हा प्रयोग न करणे उत्तम. केसांवरून सहज फिरलेला हात पट्टीला लागल्यामुळे माझी एक संपूर्ण सकाळ वाया गेली आहे.

*तपासणी.* ट्रे तिरपा धरून पाणी ओतावे. काचेवर पाण्याचा अखंड पडदा राहिला तर ती स्वच्छ आहे. पाणी तुटून थेंब-थेंब झाले तर पुन्हा धुवावी. पडदा अखंड असूनही पुढची तपासणी फसली, तर दोष बहुधा राहिलेल्या डिटर्जंटचा असतो.

टप्पा ४: मांडणी

ट्रे परातीत ठेवून मोबाइलच्या लेव्हल अॅपने तो सपाट केला आहे ना ते पाहावे. स्पीकर त्याच टेबलावर कधीही ठेवू नये. टेबल हादरले की संपूर्ण ट्रे वरखाली हलतो आणि पृष्ठभागावर निम्म्या वारंवारतेच्या उभ्या लहरी उठतात; त्या दिसायला सुरेख असतात, पण आपल्या कामाच्या नाहीत. स्पीकर वेगळ्या स्टुलावर, ट्रेच्या वर टांगल्यासारखा बसवावा. त्याच्या मधल्या भागाला हलकी काडी चिकटवून तिच्या खालच्या टोकाला ट्रेच्या रुंदीपेक्षा थोडी आखूड काचेची किंवा प्लॅस्टिकची पात बसवावी आणि ती पाण्याला जेमतेम टेकेल अशी ठेवावी. अँप्लिफायर आणि वायरी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच व परातीपासून दूर असाव्यात. शक्यतो बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर घ्यावा.

पाण्याची खोली ट्रेच्या काठापर्यंत, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर येते, ती तशीच ठेवावी. शाळेतल्या तरंग-टाकीत पाच-सहा मिलिमीटर पाणी घेण्याची सवय असते; पाणी त्याहून उथळ झाले, विशेषतः कमी वारंवारतेला, तर तळाशी होणारे घर्षणही लहरी विझवू लागते आणि तवंगाचा वाटा वेगळा ओळखता येत नाही.

पलीकडच्या भिंतीवरून परतणाऱ्या लहरी थोपवण्यासाठी काचेचा एक तुकडा पाण्यातून वर येईल असा तिरपा ठेवावा. स्पंज ठेवू नये. नवा स्पंज आणि थर्माकोल दोन्ही पाण्यात काही ना काही सोडतात.

पंखा बंद करणे अपरिहार्य आहे, आणि गोव्याच्या दमटपणात त्याचा अर्थ घाम असा होतो. कपाळावरचा घामाचा एक थेंब ट्रेमध्ये पडला की त्वचेचे तेल त्याच्यासोबत जाते आणि पुन्हा टप्पा ५ पासून सुरुवात करावी लागते. म्हणून सकाळी लवकर, खाऱ्या वाऱ्याला जोर येण्यापूर्वी, डोक्याला रुमाल बांधून काम करावे. त्या खोलीत उदबत्ती, फोडणी किंवा डासांची कॉइल यांचा धूर नसावा.

टप्पा ५: पृष्ठभाग झाडणे

ट्रे काठोकाठ भरून थोडे पाणी परातीत सांडू द्यावे. स्टीलची पट्टी लहरी उठवणाऱ्या बाजूला दोन्ही काठांवर टेकवून, पाण्याला स्पर्श करत सावकाश दुसऱ्या टोकापर्यंत सरकवावी. येथे बहुतेक जण पट्टी उचलून घेतात, आणि तिच्यामागे दाटलेला सारा तवंग क्षणार्धात परत पसरतो. पट्टी तेथेच बांधासारखी राहू द्यावी. दुसरी पट्टी घेऊन पुन्हा झाडावे व पहिलीला नेऊन टेकवावी, नंतर तिसरी. बांधामागचे पाणी स्वच्छ ड्रॉपरने शोषून घ्यावे. पातळी उतरल्यास पाणी वरून ओतू नये; ट्रेच्या तळापर्यंत पोचणाऱ्या स्वच्छ नळीतून हळूहळू सोडावे.

*तपासणी १.* एका कोपऱ्यात चिमटीहून कमी शंखजिरे शिंपडून दुरून हलकी फुंकर घालावी. स्वच्छ पृष्ठभागावर कण मोकळे धावतात. तवंग असेल तर ते अडखळतात आणि फुंकर थांबताच मागे येतात. तपासणीनंतर शंखजिऱ्यासह पृष्ठभाग पुन्हा एकदा झाडावा.

*तपासणी २.* ही अधिक भरवशाची आहे आणि नेमकी हीच कोणी करत नाही. ४० हर्ट्झवर लहरी सुरू करून, पाण्यालगत धरलेल्या मोजपट्टीसह स्लो-मोशन चित्रण करावे. सेकंदाला २४० चित्रे असल्यास एका लहरीला बरोबर सहा चित्रे येतात. एका चित्रात दहा लहरींची लांबी मोजावी. ती ६.९ सेंटिमीटरच्या आसपास आली तर पृष्ठताण स्वच्छ पाण्याचा आहे. ती ६ सेंटिमीटरकडे झुकली तर तवंग आधीपासूनच आहे. पुढे जाऊ नये.

स्वच्छ केलेला पृष्ठभाग फार काळ स्वच्छ राहत नाही. पुढचे दोन टप्पे मिळून अर्ध्या तासात संपवावेत.

टप्पा ६: स्वच्छ पाण्याचे मोजमाप

लहरींचा आयाम, म्हणजे शांत पातळीपासूनची उंची, डोळ्याने मोजता येत नाही, म्हणून लेझरचा आधार घ्यावा. लहरी ज्या दिशेने जातात त्याच दिशेच्या उभ्या प्रतलात लेझर तिरपा रोखावा, जेणेकरून परावर्तित किरण सुमारे २ मीटर दूरच्या भिंतीवर पडेल. पाणी शांत असताना तेथे ठिपका दिसतो. लहरी सुरू होताच त्याची रेघ होते, आणि रेघेची लांबी लहरीच्या उताराच्या प्रमाणात असते. लेझरचा ठिपका तरंगलांबीच्या चौथ्या भागाहून लहान असायला हवा, म्हणून त्याच्या तोंडावर अॅल्युमिनियमचा कागद लावून त्याला सुईने सुमारे १ मिलिमीटरचे छिद्र पाडावे. हे छिद्र विसरल्यास रेघ पुसट येते आणि सर्व आकडे लहान भरतात.

लेझर पातीपासून २ सेंटिमीटरवर असताना रेघ सुमारे ३० सेंटिमीटर यावी, इतकाच स्पीकरचा आवाज ठेवावा. या स्थितीत लहरीचा आयाम मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाइतका असतो. आवाज वाढवून 'चांगल्या' लहरी आणण्याचा मोह टाळावा. त्यानंतर लेझर दोन-दोन सेंटिमीटरने सरकवत १२ सेंटिमीटरपर्यंत प्रत्येक ठिकाणी रेघ मोजावी.

*तपासणी.* १२ सेंटिमीटरवरची रेघ सुमारे २० सेंटिमीटर यायला हवी. ती १० सेंटिमीटरच्या खाली असेल तर हे मोजमाप स्वच्छ पाण्याचे नाही. रेघ कमी-जास्त होत एखाद्या ठिकाणी उलट वाढत असेल तर भिंतीवरून लहरी परतत आहेत. तिरप्या काचेची जागा बदलावी.

*इशारा.* लेझर परावर्तित होतो त्या उंचीवर कोणाचेही डोळे येता कामा नयेत. पाण्याकडे वाकून पाहण्यापूर्वी लेझर बंद करावा. लहान मुलांकडे हे काम सोपवू नये.

टप्पा ७: तवंग, थेंबा-थेंबाने

पहिला थेंब ओलेइक आम्लाचा नसून नुसत्या अल्कोहोलचा टाकावा. क्षणभर पृष्ठभाग ढवळल्यासारखा होईल, पण मिनिटाभरात रेघेची लांबी पूर्ववत यायला हवी. न आल्यास अल्कोहोलच अशुद्ध आहे, आणि पुढचा प्रत्येक निष्कर्ष संशयास्पद ठरतो.

त्यानंतर द्रावणाचा एक थेंब, मिनिटभर थांबणे आणि पुन्हा २ ते १२ सेंटिमीटरची मापे; मग दुसरा थेंब, मग तिसरा. स्पीकरच्या आवाजाला हात लावू नये. पहिल्या थेंबाने फारसा फरक न पडता दुसऱ्याने एकदम मोठा फरक पडला, तर काही बिघडले असे समजू नये. असेच व्हायला हवे. रेणू विरळ असताना ते एकमेकांना ढकलत नाहीत, त्यामुळे पृष्ठताणात फरक निर्माण होत नाही. ते एकमेकांना टेकू लागले की पृष्ठभागाला लवचीकपणा येतो आणि लहरी झपाट्याने विझू लागतात. हा बदल जवळून पाहायचा असेल तर द्रावण आणखी निम्मे पातळ करून अर्ध्या-अर्ध्या पावलांनी जावे.

सर्वाधिक परिणाम तवंग सर्वाधिक ताठ असताना होत नाही, ही या प्रयोगातली खरी गंमत आहे. मधल्या लवचीकपणाच्या एका टप्प्यावर पृष्ठभाग स्वतःच आडवा, ताणत-आकसत झुलू लागतो आणि खालच्या थरातले घर्षण टोकाला पोचते. पूर्ण ताठ तवंगाने जेवढे विझेल त्याच्या जवळजवळ दुप्पट तेथे विझते. म्हणून मापांत आधी उतार, मग किंचित सुधारणा दिसली तर ती चूक समजून खोडू नये. आकड्यांत सांगायचे तर स्वच्छ पाण्यावर ४० हर्ट्झच्या लहरीचा आयाम सुमारे २५ सेंटिमीटरमध्ये एक-तृतीयांशावर येतो, आणि तवंग असताना त्याला ४ ते ८ सेंटिमीटर पुरतात. सुरुवातीला ३० सेंटिमीटरची रेघ असल्यास १२ सेंटिमीटरच्या ठिकाणी ती ९ सेंटिमीटर किंवा त्याहून बरीच कमी उरेल.

शेवटच्या मापाबरोबर दहा लहरींची लांबीही पुन्हा मोजावी. ती आता ६ सेंटिमीटरच्या आत येईल, कारण पृष्ठताण घटल्याने लहरी आखूड होतात.

क्रम उलटल्यास

आधी तवंग घालून पाहावे आणि मग ट्रे धुऊन स्वच्छ पाण्याचे मोजमाप घ्यावे, असे वेळ वाचवण्यासाठी केले जाते. एकाच सकाळी हे जमत नाही. सांध्यांत आणि पातीवर राहिलेला अंश पुरेसा असतो. पुन्हा प्रयोग करायचा असल्यास टप्पा ३ पासून सुरुवात करावी आणि पात नवी घ्यावी.

बाहेर पाहायचे असल्यास

नदीत, तळ्यात किंवा मिठागरात तेल टाकू नये. त्याची गरजही नाही. मंद वारा असताना पणजीहून रायबंदरच्या बांधावरून मांडवीकडे पाहावे किंवा रायबंदर–चोडणे फेरीबोटीच्या कठड्याशी उभे राहावे. बारीक लहरींनी खरखरीत दिसणाऱ्या पाण्यात मधूनच गुळगुळीत पट्टे दिसतात. त्यांतले पुष्कळसे पाण्यातल्या सूक्ष्म जीवांपासून आलेल्या स्निग्ध पदार्थांचे असतात, म्हणून पट्टा दिसताच तेलगळती झाली असा निष्कर्ष काढू नये. पट्ट्यातही मोठ्या लहरी तशाच चालत राहतात आणि केवळ बारीक लहरी नाहीशा होतात, हे मुद्दाम पाहावे. पावसाळ्याच्या तोंडाला किनाऱ्यावर लागणाऱ्या डांबरगोळ्यांची यात गल्लत करू नये. ते तेलाचे हलके अंश उडून गेल्यावर उरलेले घट्ट गोळे असतात आणि पाण्यावर पसरत नाहीत. वारा वाढल्यावर पट्टे मोडतात, म्हणून निरीक्षण सकाळी नऊच्या आत उरकावे आणि वाऱ्याची दिशा, भरती की ओहोटी आणि पट्ट्यांची दिशा या तीन गोष्टी तेथल्या तेथे लिहून घ्याव्यात.